बारा पाणबुड्या आणि एक कायदा

९ जून २०२५ रोजी कॅनडाचे पंतप्रधान मार्क कार्नी यांनी जाहीर केलं की त्या एका आर्थिक वर्षात देश संरक्षणावर नऊ अब्ज डॉलरांहून अधिक जादा खर्च करील. एकूण देशांतर्गत उत्पादनाच्या दोन टक्के खर्च संरक्षणावर करायचं जे उद्दिष्ट आधीच्या सरकारने २०३२ सालासाठी ठेवलं होतं, ते आता मार्च २०२६ पर्यंतच गाठायचं ठरलं. निवडणूक होऊन तेव्हा जेमतेम सहा आठवडे झाले होते. त्याच महिन्याच्या अखेरीस हेगला नाटो देशांची बैठक झाली आणि दोनाचे पाच टक्के झाले, मुदत २०३५. त्याआधीच बारापर्यंत नव्या पाणबुड्या घेण्याची घोषणा झालेली होती, अठ्ठ्याऐंशी लढाऊ विमानांचा करारही झालेला होता.

याच देशात दुसरी एक गोष्ट दहा वर्षं चालली आहे. सैन्यातल्या बाईवर सैन्यातल्याच माणसाने बलात्कार केला तर त्याचा तपास लष्कराने करायचा की साध्या पोलिसांनी, एवढाच प्रश्न. त्याला ना पाणबुडी लागते ना विमान. लागतो तो एक कायदा. सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीश मारी देशाँ यांनी एप्रिल २०१५ च्या अहवालात सांगितलं की तक्रारीसाठी सैन्याच्या बाहेरचं स्वतंत्र केंद्र हवं आणि खटला लष्कराकडे जावा की नागरी यंत्रणेकडे, हे ठरवायचा अधिकार बाईला हवा. त्यांच्या दहा शिफारशींपैकी सैन्याने दोन मान्य केल्या. उरलेल्या आठ ‘तत्त्वतः मान्य’ केल्या. हे ‘तत्त्वतः मान्य’ म्हणजे काय असतं ते मोर्चा घेऊन कलेक्टर कचेरीवर गेलेल्या कुठल्याही बाईला वेगळं सांगायला नको.

मला या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवून बघायच्या आहेत. संरक्षणाच्या चर्चेत त्या कधी शेजारी ठेवल्या जात नाहीत. पाणबुड्यांची बातमी पहिल्या पानावर येते, ती देशाची गोष्ट ठरते. बलात्काराची बातमी आतल्या पानावर जाते, ती ‘महिलांचा प्रश्न’ ठरते. माझं म्हणणं असं की दोन्ही एकाच अंदाजपत्रकातल्या आणि एकाच मनोवृत्तीतल्या आहेत. एखादा देश कशाला निकडीचं समजतो आणि कशाला थांबवून ठेवतो, त्यावरून तो नेमकं कोणाचं संरक्षण करतो आहे ते कळतं.

कॅनडाच का, असं कुणी विचारील. अमेरिका किंवा रशियासारखा हा देश दांडगा नाही. लोकसंख्या सुमारे चार कोटी, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या एक तृतीयांश. जगात त्याची प्रतिमा सभ्य, शांततावादी. १९५७ चं शांततेचं नोबेल लेस्टर पिअरसन यांना मिळालं ते सुएझच्या पेचात संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना उभी करण्याच्या कल्पनेसाठी, आणि तेव्हापासून निळ्या शिरस्त्राणाचा सैनिक म्हणजे कॅनडाचा सैनिक असं समीकरण झालं. या सभ्य देशानेच ट्रॉम्बेला शांततेसाठी म्हणून अणुभट्टी दिली होती, १९६० साली ती सुरू झाली, आणि १९७४ च्या पोखरणच्या स्फोटाला लागलेलं प्लुटोनियम तिच्यातूनच आलं. (शांततेच्या नावाने दिलेल्या वस्तूंचं पुढे काय होतं, हा वेगळ्या लेखाचा विषय.) १९९३ साली सोमालियात मदतीसाठी गेलेल्या कॅनडाच्या सैनिकांनी शिडेन आरोन या सोळा वर्षांच्या मुलाला छळ करून मारलं, तेव्हा त्या प्रतिमेला पहिला मोठा तडा गेला. दोन वर्षांनी ती पलटणच मोडीत काढण्यात आली. पण त्या पलटणीत चालणाऱ्या गोष्टी इतर ठिकाणीही चालत असतील का, हा प्रश्न तिच्याबरोबर मोडीत निघाला.

बायकांनी तो पुन्हा काढला. मे १९९८ मध्ये ‘मॅक्लीन्स’ या साप्ताहिकाने सैन्यातल्या बलात्कारांवर मुखपृष्ठ-कथा छापली आणि त्यानंतर एकामागून एक बायका बोलू लागल्या. आता गंमत बघा. तोपर्यंत कॅनडाच्या भूमीवर घडलेला लैंगिक अत्याचाराचा गुन्हा लष्करी न्यायालयापुढे चालवताच येत नसे. खून आणि सदोष मनुष्यवध यांच्यासारखाच तो नागरी न्यायालयाचा विषय होता. त्याच १९९८ साली कायद्यात दुरुस्ती झाली, आणि लैंगिक अत्याचार त्या यादीतून काढून लष्कराच्या हाती दिला गेला. बायका ओरडून सांगत होत्या की आमचे वरिष्ठ हे दडपतात, आणि संसदेने दडपणाऱ्यांच्याच हाती तपासाची आणि खटल्याची किल्ली दिली.

ही किल्ली हातात असणं म्हणजे काय, ते समजून घ्यायला हवं. सैन्यात तुमची बढती, बदली, रजा, परदेशी नेमणूक, तुमच्या कामाचा शेरा, सगळं वरच्या अधिकाऱ्याच्या हातात. त्याच अधिकाऱ्याच्या साखळीत तक्रार वर जाते. ज्याने हात लावला तो पुष्कळदा तुमच्या वरच्या हुद्द्याचा असतो, किंवा वरच्याचा मित्र तरी असतो. लष्करी पोलीसही त्याच गणवेशातले. राहायची जागा तळावर, शेजारीपाजारी तळावरचे, दवाखाना तळावरचा. आपल्याकडे एकत्र कुटुंबातल्या सुनेने दिराविरुद्ध तोंड उघडायचं म्हटलं तर सासऱ्याकडेच जावं लागतं, तसं हे आहे. फरक एवढाच की या घरातून रागावून माहेरी जाता येत नाही. परवानगीशिवाय गेलं तर तोच गुन्हा.

या घराच्या दुसऱ्या खोलीतल्या बायकांचीही गोष्ट सांगायला हवी. सैनिकांच्या बायका. १९८० च्या दशकात आल्बर्टा प्रांतातल्या पेनहोल्ड तळावरच्या काही जणी एकत्र आल्या. त्यांना कुटुंबांसाठी दातांच्या उपचारांची योजना हवी होती, अशाच साध्या मागण्या होत्या. तळाच्या प्रमुखाने सांगितलं, हे राजकारण झालं, तळावर सभा घेता येणार नाही. नवऱ्याची नोकरी सैन्यात म्हणून बायकोचं नागरिकत्व तळाच्या फाटकापाशी संपलं! या बायकांनी संघटना काढली, हक्कांसाठी भांडल्या. त्यांच्यातल्याच ल्यूसी लालिबर्ते यांनी डेबोरा हॅरिसन यांच्यासोबत १९९४ साली सैनिकांच्या बायकांवर पुस्तक लिहिलं. दर दोन-तीन वर्षांनी बदली, तिची नोकरी दर वेळी सुटते, मुलांच्या शाळा, म्हातारी माणसं, महिनोन्‌महिने एकटीने संसार. या बिनपगारी श्रमांशिवाय एकही पलटण उभी राहू शकत नाही, आणि संरक्षणखर्चाच्या दोन टक्क्यांत किंवा पाच टक्क्यांत त्यांची एका पैशाचीही नोंद नसते.

आता २०१५ नंतरचं. देशाँ यांचा अहवाल आला, नवे सेनाप्रमुख जोनाथन व्हान्स यांनी मोठा गाजावाजा करून ‘ऑपरेशन ऑनर’ नावाची मोहीम काढली. त्या इंग्रजी नावाचा उच्चार किंचित फिरवून सैनिकांनी लगेच एक अश्लील कोटी केली, ती बराकींमधून फिरत राहिली. मोहीम सहाएक वर्षं चालली. फेब्रुवारी २०२१ मध्ये खुद्द व्हान्स यांच्याबद्दलच आरोप बाहेर आले. त्याचं पर्यवसान मार्च २०२२ मध्ये झालं: न्यायकार्यात अडथळा आणल्याचा गुन्हा त्यांनी कबूल केला. हाताखालच्या एका स्त्री अधिकाऱ्याला त्यांनी वारंवार फोन करून दोघांच्या संबंधांबद्दल खोटं सांगायला लावण्याचा प्रयत्न केला होता. शिक्षा काय, तर बारा महिने चांगली वर्तणूक आणि ऐंशी तास समाजसेवा. गुन्हेगार म्हणून कायमची नोंदसुद्धा नाही.

हे सारं २०१८ मध्येच थांबू शकलं असतं. सैन्याचे लोकपाल गॅरी वॉलबर्न त्या वर्षीच्या मार्चमध्ये व्हान्स यांच्याविषयीची एक तक्रार घेऊन संरक्षणमंत्र्यांकडे गेले होते. मंत्री होते हरजित सज्जन, आपल्या पंजाबात जन्मलेले, स्वतः सैन्यात अधिकारी राहिलेले. त्यांनी पुरावा बघायलाच नकार दिला. तपासात राजकीय हस्तक्षेप नको, हे त्यांचं कारण. कारण ऐकायला किती निर्मळ! बाईच्या बाजूने काही करायचं झालं की तो हस्तक्षेप. न करणं मात्र तटस्थपणा. घरोघरी हेच ऐकत आपण वाढलो. “नवरा-बायकोच्या भांडणात आपण कशाला पडा?”

आकडे सांगते. देशाच्या सांख्यिकी खात्याने २०१६ साली सैन्यात पाहणी केली तेव्हा आधीच्या बारा महिन्यांत लैंगिक अत्याचार झाल्याचं ९६० जणांनी सांगितलं. नोकरीत आल्यापासून कधी तरी असा अत्याचार झालेल्या बायका एक चतुर्थांशाहून जास्त होत्या. २०२२ च्या पाहणीत ९६० चे सुमारे १,९६० झाले. बोलण्याचं धाडस वाढलं म्हणून आकडा वाढला असं काही जण म्हणतात, आणि त्यात थोडं तथ्य असेलही. पण पाहणी निनावी होती. निनावी कागदावर खूण करायला २०१६ मध्येही फार धाडस लागलं नसतं. मधल्या काळात सरकारने सामूहिक दाव्यात तडजोड करून ९० कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं (२०१९), जाहीर माफी मागितली (डिसेंबर २०२१). पैसे दिले, माफी दिली. अधिकार सोडायला मात्र तयार नाहीत.

मे २०२२ मध्ये दुसरा अहवाल आला, पुन्हा सर्वोच्च न्यायालयाच्या एका निवृत्त न्यायाधीश बाईंचा, लुईज आर्बर यांचा. शिफारशी ४८. अहवाल पुरा होण्याची वाट न बघता ऑक्टोबर २०२१ मध्येच त्यांनी मंत्र्यांना कळवलं होतं की हे गुन्हे नागरी यंत्रणेकडे द्या. आणि तेही आता बाईच्या मर्जीवर सोडून नाही, सरसकट द्या. तेव्हाच्या मंत्री अनिता आनंद यांनी ते मान्य केलं. व्यवहारात प्रकरणं पोलिसांकडे जाऊ लागली, तर काही ठिकाणच्या पोलिसांनी माणसं कमी आहेत म्हणून हात वर केले. कायदा बदलणारं विधेयक संसदेत यायला मार्च २०२४ उजाडलं. जानेवारी २०२५ मध्ये अधिवेशन संस्थगित झालं आणि विधेयक बारगळलं. सप्टेंबर २०२५ मध्ये ते नव्या क्रमांकाने पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागलं. खर्चाला सहा आठवडे, या विधेयकाला नुसतं संसदेत यायला अडीच वर्षं!

इथे एक खरी अडचण आहे, ती मी टाळणार नाही. ज्यांच्यावर अत्याचार झाला त्या साऱ्या जणींना हा बदल अशाच स्वरूपात हवा आहे असं नाही. काही म्हणतात, नागरी पोलिसांकडचा आमचा अनुभव तरी कुठे चांगला आहे. कुठे जायचं हे आम्हाला ठरवू द्या, जसं देशाँ यांनी सुचवलं होतं. आपल्या चळवळीतही बलात्काराच्या कायद्याबद्दल बोलताना असे मतभेद झाले आहेत, आणि ते व्हायला हवेत. माझं स्वतःचं मत आर्बर यांच्या बाजूचं आहे. निवड करायला मोकळीक लागते, आणि ज्याच्या हातात तुमची पुढची बदली आहे त्याच्या छायेत केलेल्या निवडीला मी निवड म्हणत नाही. पण बाहेरचे पोलीस आपोआप न्याय देतील अशा भ्रमात मथुरा प्रकरण पाहिलेल्या देशातल्या बाईने राहू नये.

“तुम्हा बायकांना सैन्यच नको असतं,” असंही ऐकवलं जातं. कॅनडात तशी भूमिका घेणाऱ्या बायका आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. १९६० साली तिथे ‘व्हॉइस ऑफ विमेन’ ही संघटना निघाली. तिच्यातल्या बायकांनी देशभरातून मुलांचे पडलेले दुधाचे दात हजारोंनी गोळा करून तपासणीला दिले; अणुस्फोटांच्या धुळीतलं स्ट्रॉन्शियम-९० दुधावाटे मुलांच्या हाडांत उतरतं हे त्यातून दाखवायचं होतं. धातुशास्त्राच्या प्राध्यापक उर्सुला फ्रँकलिन त्यात होत्या. संरक्षण म्हणजे काय याची याहून चांगली व्याख्या मला तरी माहीत नाही. पण रशियाने २०२२ मध्ये युक्रेनवर केलेला हल्ला बघितल्यावर, आणि अमेरिकेच्या अध्यक्षांनी कॅनडाला एक्कावन्नावं राज्य करण्याची भाषा केल्यावर, तिथल्या लोकांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. सैन्य ठेवणारच असाल तर ते कसलं, हा माझा प्रश्न आहे.

मार्च २०२४ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री बिल ब्लेअर यांनी सांगितलं की सैन्यात सोळा हजारांच्या आसपास माणसं कमी आहेत. बारा पाणबुड्या चालवणार कोण? २०२६ पर्यंत एक चतुर्थांश सैनिक बायका असाव्यात असं उद्दिष्ट होतं. प्रमाण १६-१७ टक्क्यांवर रेंगाळलं. माणसं टिकावीत म्हणून २०२५ मध्ये खालच्या हुद्द्यांचे पगार वीस टक्क्यांनी वाढवले, चांगलंच केलं. पण एखादी बाई नोकरी सोडून जाते ती नेहमी पगारासाठी जात नाही. अठ्ठ्याऐंशी विमानांची किंमत २०२२ मध्ये १९ अब्ज डॉलर सांगितली होती, ती दोन वर्षांत २७.७ अब्जांवर गेल्याचं महालेखापरीक्षकांनी जून २०२५ मध्ये दाखवून दिलं. वाढलेल्या आठ-नऊ अब्जांनी कुणाची झोप उडाली नाही.

आणि कोणत्या कामासाठी सैन्य लागतं? २०२० च्या वसंतात करोनाच्या साथीत क्यूबेक आणि ओंटारियोतल्या वृद्धाश्रमांमध्ये दीड हजारांहून जास्त सैनिक पाठवावे लागले. त्यांनी पाहिलं ते लष्करी शिस्तीत लिहून काढलं: झुरळं, मदतीसाठी ओरडणारी आणि कुणी न येणारी म्हातारी माणसं, न भरवलेलं अन्न. ओंटारियोतल्या पाच संस्थांबद्दलचा तो अहवाल वाचून देश हादरला. माझी एक जुनी मैत्रीण टोरांटोजवळ अशाच कामात आहे. ती म्हणाली, “सैनिकांना जे दोन आठवड्यांत दिसलं ते आम्ही वर्षानुवर्षं सांगत होतो. पण आम्ही तासावर पगार घेणाऱ्या बायका, त्यात बाहेरून आलेल्या. गणवेशातल्या माणसाने लिहिलं म्हणून ते खरं ठरलं.”

अफगाणिस्तानची आठवणही इथे करायला हवी. तिथल्या बायकांना मुक्त करण्यासाठी आपण लढतो आहोत असं कॅनडाच्या सरकारने वर्षानुवर्षं सांगितलं. १५८ सैनिक मेले. त्यात २००६ मध्ये लढताना मारली गेलेली कॅप्टन निकोला गॉडर्ड ही लढाईत मरण पावलेली त्या देशाची पहिली स्त्री सैनिक. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं, आणि अफगाण मुलींच्या शाळा पुन्हा बंद झाल्या. त्याच वर्षी कॅनडाचे दोन सेनाप्रमुख एकापाठोपाठ लैंगिक गैरवर्तनाच्या चौकशीत सापडले. (दुसऱ्यावर पुढे गुन्हा दाखल झाला नाही, हेही सांगितलं पाहिजे.) परक्या बायकांच्या मुक्तीचा झेंडा घेऊन निघालेल्या सैन्यात घरच्या बायकांची तक्रार फाइलमध्ये पडून होती.

हे आपल्यापर्यंत येतं ते खडकवासल्याच्या रस्त्याने. ३० मे २०२५ रोजी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून सतरा मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. आमच्या गटात त्या दिवशी वाद झाला. काहींना पेढे वाटावेसे वाटले, काहींना नाही. मला त्या मुलींचा अभिमान वाटला, आणि कॅनडाचा इतिहास आठवून धास्तीही. तिथे १९८९ मध्ये मानवी हक्क न्यायाधिकरणाच्या निकालाने लढाईच्या जवळजवळ साऱ्या जागा बायकांना खुल्या झाल्या. दार उघडलं, पण आतलं घर तसंच राहिलं. जुलै २०२४ मध्ये जेनी कॅरिन्यान या बाई तिथे सेनाप्रमुख झाल्या, तरी पस्तीस वर्षांनंतर प्रश्न तोच आहे: तक्रार कुणाकडे? आपल्या १९५० च्या सैन्य कायद्यात, बाई नागरी असेल तर बलात्काराचा खटला साधारणपणे नागरी न्यायालयात जातो, पण ‘सक्रिय सेवे’वरच्या जवानाला ती अट लागू नाही, आणि बाई स्वतः सैन्यात असेल तर कोर्ट मार्शलचा मार्ग खुलाच आहे. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये जवानांनी केलेले लैंगिक गुन्हे साध्या फौजदारी कायद्याखाली आणा, विशेषाधिकार कायद्यातली पूर्वपरवानगीची अट अशा गुन्ह्यांना लावू नका, असं स्पष्ट सुचवलं होतं. आपल्याकडे ते ‘तत्त्वतः’सुद्धा मान्य झालं नाही.

कॅनडाचं नवं विधेयक वाचताना एक शब्द माझ्या नजरेत भरला. लष्कराचा अधिकार काढून घेतला जाईल तो कॅनडाच्या भूमीवर घडलेल्या गुन्ह्यांपुरता. रशियाची सीमा लागलेल्या लाटवियात नाटोची जी तुकडी २०१७ पासून कॅनडाच्या नेतृत्वाखाली आहे, आणि संरक्षणावरचा वाढता पैसा ज्या तळांवर जाणार आहे, तिथे एखाद्या शिपाई मुलीवर असा प्रसंग आला तर तपास पूर्वीसारखाच लष्करी पोलिसांकडे राहील.